पटावरचे उपरे मोहरे

बुद्धिबळाच्या पटावर नवे मोहरे आणून बसवण्याची हौस या खेळाइतकीच जुनी आहे; मात्र ज्या मोहऱ्यांची त्यासाठी कल्पना केली गेली त्यांतले बहुतेक पोथ्यांतच राहिले आणि फार थोडे लोकांच्या पटावर टिकले. मराठी घरांत राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती आणि प्यादे ही सहा नावे इतकी रुळलेली आहेत की ती मुळापासूनच अशी असावीत असा समज होतो; वस्तुस्थिती अशी आहे की उंट हा या डावात मागाहून आला, वजीर हा जुन्या मंत्र्याचा फार्सी अवतार आहे आणि हत्ती आज ज्या कोपऱ्यात उभा असतो तो कोपरा पूर्वी रथाचा होता. एखाद्या प्रदेशाचा, दरबाराचा किंवा युद्धपद्धतीचा विषय घेऊन त्यानुसार मोहरे घडवणे हा खटाटोप भारतात निदान हजार वर्षे चालू होता, आणि दख्खनच्या उत्तर दाराशी असलेल्या खानदेशाचा त्याच्याशी संबंध एकाहून अधिक ठिकाणी येतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले यावल हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव या संबंधांचा विचार करण्यास सोयीचे आहे. तेथे महर्षी व्यासांचे मंदिर आहे आणि गुरुपौर्णिमेला तेथे खानदेशभरातून भाविक जमतात. गावात निंबाळकरांचा भुईकोट आहे. आणि अंकलेश्वरहून चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर अशी गावे घेत बुऱ्हाणपूरकडे जाणारा रस्ता गावावरून जातो. व्यास, गढी आणि बुऱ्हाणपूरची वाट या तिन्ही गोष्टी बुद्धिबळाच्या इतिहासात आपापल्या जागी भेटतात.

व्यासांचा संबंध दुहेरी आहे. चतुरंग म्हणजे रथ, हत्ती, घोडेस्वार आणि पायदळ या चार अंगांची सेना, आणि महाभारताने या सेनेचे जे गणित मांडले आहे त्यात एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पदाती असतात. म्हणजे प्रमाण एकास एक, तीन आणि पाच असे पडते. चतुरंगाचा खेळ रचणाऱ्या अज्ञात माणसाने हे प्रमाण पाळले नाही. त्याने रथ, हत्ती आणि घोडे यांची एकेक जोडी ठेवली, पुढे आठ प्यादी लावली आणि मागे राजा व मंत्री उभे केले. सेनेची प्रतिकृती करायची झाली असती तर घोडे तिप्पट व्हायला हवे होते. परंतु पट आठ घरांचा होता आणि खेळणाऱ्याच्या डोक्यात मावेल एवढाच पसारा मांडायचा होता. विषयाशी प्रामाणिक राहावे की खेळाशी, हा प्रश्न जेथे जेथे उभा राहिला तेथे टिकाऊ रचनांनी खेळाची बाजू घेतलेली दिसते, आणि त्या निवडीचा पहिला दाखला मूळ चतुरंगातच आहे.

दुसरा संबंध अधिक थेट आहे. बंगालचे धर्मशास्त्रकार रघुनंदन यांनी सोळाव्या शतकात लिहिलेल्या ‘तिथितत्त्व’ या ग्रंथात चौघांनी फासे टाकून खेळायच्या चतुरंगाचे वर्णन आहे, आणि ते युधिष्ठिराने विचारले व व्यासांनी सांगितले अशा संवादाच्या रूपात दिलेले आहे. विल्यम जोन्स यांनी १७९० साली ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये या वर्णनाचा परिचय करून दिल्यामुळे पुढची शंभर वर्षे चौघांचा डाव हाच बुद्धिबळाचा आद्य प्रकार होय असे मानले गेले, आता तसे मानले जात नाही. कालक्रम बाजूला ठेवला तरी रचना म्हणून हा डाव बारकाईने पाहण्याजोगा आहे. लाल, हिरवा, पिवळा आणि काळा असे चार पक्ष पटाच्या चार बाजूंना मांडले जात, आणि प्रत्येक पक्षात राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादी असत. लांबट फाशावर दोन ते पाच हेच आकडे असत. पाच पडले तर राजा किंवा प्यादे चालवायचे, चार पडले तर हत्ती, तीन पडले तर घोडा आणि दोन पडले तर नौका. नद्यांच्या बंगालात रथाऐवजी नौका यावी हे समजण्यासारखे आहे, पण रचनाकार नुसते नाव बदलून थांबला नाही. नौकेला त्याने तिरप्या दिशेने दोन घरांची उडी दिली आणि तिच्यासाठी ‘बृहन्नौका’ नावाचा स्वतंत्र नियम केला: तीन नौका एकमेकींना लागून आल्या आणि चौथी नौका त्या चौकोनातले उरलेले घर धरू शकली, तर चौथीच्या मालकाला बाकी तिन्ही नौका मिळत. उथळ पात्रात नावांची कोंडी व्हावी तसा हा प्रसंग आहे, आणि तो पटावरच्या चालींतूनच उभा राहतो. त्याच डावात ‘षट्पद’ नावाचा नियम आहे, त्यानुसार शेवटच्या घरापर्यंत पोचलेले प्यादे त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेते. हा नियम लक्षात ठेवावा लागेल, कारण तो पुढे मराठी पटावरही दिसणार आहे.

नाव एक आणि चाली अनेक असा घोळ ज्याच्या वाट्याला सर्वांत जास्त आला तो मोहरा म्हणजे हत्ती. इराण आणि अरबस्तानात गेलेल्या डावात हत्ती राजा-मंत्र्याच्या शेजारी उभा असे आणि तिरप्या दिशेने दोन घरे उडी मारी, मधल्या घरात कोणी असले तरी त्याला अडथळा होत नसे. ही चाल दिसायला दिमाखदार, पण तिची पोच फार तोकडी. अशा हत्तीला सबंध डावात ६४ पैकी केवळ आठ घरे मिळू शकतात, आणि चारही हत्ती मिळून पटाचा निम्माच भाग पाहतात. नवव्या शतकात बगदादच्या परिसरातील बुद्धिबळपटू अल-अदली याने भारतीयांच्या डावात हत्ती कोपऱ्यात असतो आणि सरळ दिशेने दोन घरे उडतो असे नोंदवले आहे. अशा हत्तीच्या वाट्याला १६ घरे येतात. इसवी सन १०३० च्या सुमारास अल-बिरुनी याने तिसराच प्रकार पाहिला: हत्ती एक घर समोर जातो किंवा चार तिरप्या दिशांपैकी एका दिशेने एक घर सरकतो, आणि या पाच घरांचा अर्थ त्याने एक सोंड व चार पाय असा लावला आहे. काश्मीरच्या रुद्रटाने नवव्या शतकात ‘काव्यालंकारा’त चित्रकाव्याचे जे बंध दिले, म्हणजे पटाच्या घरांत अक्षरे भरून मोहऱ्याच्या चालीने वाचायचे श्लोक, त्यांतल्या गजपदबंधातला हत्तीही अशाच बेताने पावले टाकतो. सोंड आणि पाय यांची ही चाल मंद आहे. पण तिने पटावरचे प्रत्येक घर गाठता येते, आणि शिवाय प्राण्याच्या देहातून ती सुचलेली आहे. मोहऱ्याच्या नावाशी इतकी एकजीव झालेली चाल बुद्धिबळाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. ब्रह्मदेश आणि सयामात ती आजही जिवंत आहे. भारतात मात्र ती मागे पडली.

दख्खनातील पहिला विस्तृत पुरावा कल्याणीच्या चालुक्यांचा आहे. बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण म्हणजेच कल्याणी, आणि खानदेशच्या बाजूला सत्ता असलेले सेऊणदेशचे यादव त्या काळी याच चालुक्यांचे मांडलिक होते. तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा राजाच्या कर्तव्यांचा आणि करमणुकींचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्यात पाककृती, संगीत, मल्लविद्या आणि हत्तींची परीक्षा यांच्याबरोबर बुद्धिबळही आहे. घोड्याने पटावरचे प्रत्येक घर एकदाच शिवत सगळा पट फिरून यायचा, या कोड्याची उकलही त्यात अक्षरांच्या खुणांनी दिलेली आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी हा ग्रंथ तीन भागांत संपादित केला. पहिला भाग १९२५ मध्ये निघाला आणि शेवटचा १९६१ मध्ये. या खेळाचा सर्वांत मोठा इतिहास लिहिणाऱ्या हॅरल्ड मरे यांचा ग्रंथ १९१३ सालचा असल्याने सोमेश्वराची साक्ष त्यांच्या हाती आली नाही, आणि मरे यांच्यावर विसंबून लिहिणाऱ्यांनी दख्खनला अनेक वर्षे या इतिहासात जवळजवळ जागाच दिली नाही.

दुसरी साक्ष पैठणच्या घराण्याची आहे, जरी ती काशीत लिहिली गेली. रामेश्वर भट्ट हे सोळाव्या शतकात पैठणहून काशीला गेले, त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांनी तेथे मोठा मान मिळवला आणि नारायण भट्टांचे नातू नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात भगवंतदेव या बुंदेल्या सरदाराच्या आश्रयाने ‘भगवंतभास्कर’ नावाचा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यातील ‘व्यवहारमयूख’ वारसाहक्काच्या खटल्यांत मुंबईच्या उच्च न्यायालयात आधार म्हणून वाचला जाई आणि पां. वा. काणे यांनी त्याची आवृत्तीही काढली; ‘नीतिमयूखा’तल्या बुद्धिबळाच्या पानांकडे मात्र वकिलांना पाहण्याचे कारण नव्हते. राजा आणि मंत्री मध्यभागी, त्यांच्या दोहों बाजूंस उंट, मग घोडे, मग कोपऱ्यांत हत्ती आणि पुढच्या ओळीत पदाती, ही नीलकंठांनी दिलेली मांडणी आजच्या मराठी पटाशी तंतोतंत जुळते. घोड्याच्या फिरतीचे श्लोकही त्यांनी दिले आहेत. त्यांतली फिरती सुरुवातीच्या घराशी परत येणारी आणि सममित आहे, आणि ती ऑयलर या गणितज्ञाने १७५९ साली याच प्रश्नावर लिहिलेल्या निबंधाच्या कितीतरी आधीची आहे.

येथे उपऱ्या मोहऱ्याची गोष्ट उलगडते. युद्धभूमीवरून रथ नाहीसा होऊन अनेक शतके लोटली होती. त्याचे कोपऱ्यातले घर आणि सरळ रेषेत हवे तितके जाण्याची चाल हत्तीने घेतली, हत्तीने सोडलेले शेजारचे घर उंटाला मिळाले, आणि अशा रीतीने एकाही चालीला धक्का न लावता सबंध फौज नव्या काळाची झाली. उंट हा दख्खनच्या फौजेचा मूळचा प्राणी नव्हे. येथे घोडा आणि बैल, आणि उंट दिसला तर तो नर्मदा ओलांडून असीरगड-बुऱ्हाणपूरच्या वाटेने उतरलेल्या उत्तरेच्या फौजांच्या सामानाबरोबर. नीलकंठ उत्तरेत लिहीत होते, म्हणून त्यांच्या पटावर उंट असण्याचे नवल नाही. तोच उंट मराठी पटावर कायमचा राहिला, हे मात्र खानदेशच्या वाटेने कोणकोणत्या फौजा दक्षिणेत आल्या याचे एक लहानसे चिन्ह म्हणता येईल.

पट मोठा करून नवे प्राणी आणण्याचे प्रयत्न याहून धाडसी होते. तैमूरच्या चरित्रकारांपैकी इब्न अरबशाह याने त्याच्या आवडीच्या मोठ्या शतरंजचे वर्णन केले आहे. ११ रुंद आणि १० खोल असा ११० घरांचा पट, त्याला दोन बाजूंनी बाहेर आलेले एकेक ‘हिस्न’ म्हणजे किल्ल्याचे घर, आणि प्रत्येक पक्षात ११ प्यादी व १७ मोहरे अशी ही फौज होती. त्यात घोडा, हत्ती, रुख म्हणजे रथ आणि फर्जी म्हणजे मंत्री ही जुनी मंडळी होतीच. शिवाय उंट होता, त्याची उडी घोड्याच्या अडीच घरांहून एक घर लांब, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेतीन घरांची. दबाबा म्हणजे भिंती फोडण्याचे यंत्र, ते सरळ दिशेने दोन घरे उडे. जिराफ एक घर तिरपे जाऊन मग निदान तीन घरे सरळ धावे. आणि तलीआ म्हणजे फौजेच्या पुढे जाणारी टेहळणीची तुकडी, ती तिरप्या रेषेत लांब जाई पण पहिल्या घरावर थांबत नसे. प्रत्येक प्याद्याला स्वतंत्र नाव असे, उंटाचे प्यादे, जिराफाचे प्यादे असे, आणि शेवटच्या ओळीत पोचल्यावर ते आपापल्या धन्याचेच रूप घेई. स्पेनमध्ये दहावा अल्फोन्सो याने १२८३ साली सिद्ध करवलेल्या खेळांच्या ग्रंथातही १२ गुणिले १२ घरांचे एक मोठे बुद्धिबळ आहे. त्यात सिंह, मगर, गेंडा, जिराफ आणि हत्तीलाही उचलून नेणारा एक प्रचंड पक्षी आहे, आणि हा डाव हिंदुस्थानच्या राजांकडून आला असे त्यात म्हटले आहे. युरोपला जे जे विचित्र वाटले ते हिंदुस्थानच्या माथी मारण्याची ती पद्धतच होती. तरीही एका गोष्टीत त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, की नवे मोहरे सुचणे हे सैन्यात हत्ती बाळगणाऱ्या मुलखाला साजेसे होते.

तैमूरच्या वंशजांपैकी अकबराला खेळ रचण्याची खरीच आवड होती. अबुल फजल याने ‘आईन-ए-अकबरी’त ‘चंदल मंडल’ नावाचा जो खेळ बादशहाने काढला म्हणून सांगितला आहे, त्यात मध्यबिंदूभोवती १६ लांबट चौकोन वर्तुळाकार मांडलेले असतात, प्रत्येकात २४ घरे असतात, ६४ सोंगट्या आणि चार फासे लागतात आणि एका वेळी १६ जण खेळतात. गंजिफाच्या पानांतही अकबराने फेरफार केले. जुन्या गंजिफात अश्वपती, गजपती, नरपती असे बारा गट असत, आणि कोणत्या राजाचे बळ कशात, घोड्यांत की हत्तींत की पायदळात, यावर ते बेतलेले होते. ओरिसाचा राजा गजपती आणि विजापूरचा नरपती अशी ओळखही अबुल फजल देतो. खेळाला राज्यकारभाराचा विषय कसा द्यावा याचा हा सुबक नमुना आहे. हाच अबुल फजल १६०० मध्ये असीरगडाच्या वेढ्यात होता, आणि १६०१ च्या आरंभी गड पडल्यावर फारुकींचे खानदेश मुघलांचा सुभा झाले आणि शाहजादा दानियालच्या नावावरून त्याला काही काळ दानदेश म्हटले गेले. चंदल मंडल मात्र बादशहाबरोबरच संपले. सोळा जणांना एका वेळी बसवणे दरबारात जमते, ओट्यावर जमत नाही.

ओट्यावर जो डाव चालला तो देशी डाव, आणि त्याची वैशिष्ट्ये विलायती डावाशी तुलना केली म्हणजे नीट दिसतात. देशी डावात दोन्ही राजे समोरासमोर नसत, एकाचा राजा दुसऱ्याच्या वजिरासमोर असे; प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाई; राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची अडीच घरांची चाल घेण्याची मुभा असे; आणि प्यादे ज्या उभ्या ओळीत शेवटच्या घरी पोचे त्या ओळीचा मोहरा होई, वाटेल तो मोहरा मागता येत नसे. व्यासांच्या तोंडी घातलेला षट्पदाचा नियम, तैमूरच्या पटावरची धन्याचे नाव वागवणारी प्यादी आणि मराठी ओट्यावरचे हत्तीच्या घरी हत्ती होणारे प्यादे ही एकाच कल्पनेची तीन रूपे आहेत. ही मर्यादा डावाला फार रंगत आणते, कारण कोणते प्यादे वाचवायचे हे ठरवताना त्याच्या ओळीचे मोल पाहावे लागते. विलायती डावात प्यादे पोचले की वजीर, हा हिशेब त्या मानाने सपक आहे. मुंबईत १८१४ साली, म्हणजे दुसरा बाजीराव पुण्यात गादीवर असताना, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक निघाले. ते त्यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत रचनेवरून केलेले आणि युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेले होते. देशी पंडिताने विलायती चालींशी हातमिळवणी केल्याची ही नोंद आहे. औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मा यांनी १८७१ मध्ये ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या आपल्या अवाढव्य ग्रंथात ‘क्रीडाकौशल्य’ हा भाग घालून पटावरचे आणि पानांचे खेळ एकत्र केले, आणि त्याआधी म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वोडेयार घोड्याच्या फिरतीचे नवनवे पट रचत राहिले होते. १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले, तोवर स्पर्धेपुरता देशी डाव बाजूला पडला होता.

एका प्रश्नाकडे आजवर फारसे लक्ष गेलेले नाही. चीनच्या बुद्धिबळात तोफ आहे, ती चालताना रथासारखी सरळ जाते आणि मारताना मध्ये कोणीतरी एक मोहरा असावा लागतो, त्याच्यावरून गोळा टाकल्यासारखी उडी घेते. दख्खनला तोफेचे वावडे नव्हते. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली आणि पुढे विजापूरला गेलेली ‘मलिक-ए-मैदान’ प्रसिद्ध आहे, आणि असीरगडासारखे किल्ले तोफांवरच लढवले गेले. तरीही आपल्या रूढ डावात तोफ आली नाही. याचे कारण बहुधा असे की उंट आला तो रिकाम्या झालेल्या घरात आला, त्याला कोणाची तरी चाल वारशाने मिळाली. तोफेसाठी मात्र घरही नवे लागले असते आणि चालही नवी. आठ घरांची ओळ भरलेली होती. हस्तिदंती मोहऱ्यांच्या एकोणिसाव्या शतकातील कारागिरांनी कंपनी सरकारच्या पलटणी विरुद्ध देशी राजांच्या फौजा असे देखणे संच कोरले, पण ती केवळ वेशभूषा होती. त्या पलटणीही घोड्या-हत्तीच्याच चालीने चालत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हॅलेन्सियाकडच्या खेळाडूंनी उलटा मार्ग धरला. त्यांनी एकही मोहरा वाढवला नाही, फक्त दोन दुबळ्या मोहऱ्यांना लांबची चाल दिली, आणि तेवढ्याने साऱ्या जगाचा डाव पालटला.

यावलचा विषय घेऊन कोणी पट रचायचा म्हटले तर हा इतिहास उपयोगी पडतो. शिंद्यांनी १७८८ च्या सुमारास यावल निंबाळकरांना दिले, १८२१ मध्ये ते इंग्रजांकडे गेले, १८३७ मध्ये पुन्हा शिंद्यांकडे आले आणि १८४३ मध्ये परत इंग्रजांकडे. एवढे हात बदललेल्या गावाला पटावर मोहऱ्याचे रूप देण्यापेक्षा घराचे रूप देणे योग्य, आणि त्याचा आदर्श तैमूरच्या पटावरच्या हिस्नात तयार आहे, तेथे शत्रूचा राजा पोचला की डाव बरोबरीत सुटे. दुसरा उमेदवार सातपुड्याचा भिल्ल तिरंदाज. खानदेशच्या घाटवाटा कोणाच्या हाती होत्या हे इंग्रजांनाही लवकरच कळले, आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगावी खानदेश भिल्ल पलटण उभी केली. जागचा न हलता दुरून मारणारा तीरकामठ्याचा मोहरा कागदावर आकर्षक दिसतो. पण मारणाऱ्याने मेलेल्याच्या घरात जाऊन उभे राहायचे आणि तेथे त्याच्यावर उलट मार बसू शकतो, याच अटीवर बुद्धिबळातला ‘जोर’, म्हणजे आपल्या मोहऱ्याला पाठीमागून दिलेला आधार, अवलंबून आहे. जागेवरून मारणारा तिरंदाज जोराचा अर्थच नाहीसा करील. त्यापेक्षा हत्तीने टाकून दिलेली तिरपी दोन घरांची उडी त्याला द्यावी आणि जोडीला सरळ दिशेने एक घर. जपानच्या १४४ घरांच्या ‘चू शोगी’त ‘होओ’ या पक्ष्याची चाल नेमकी अशीच आहे, तिने पटावरचे प्रत्येक घर गाठता येते, आणि झाडीतून अकस्मात पुढे येणाऱ्या माणसाला ती शोभते. तिसरा उमेदवार लमाणांचा तांडा. धान्य लादलेल्या बैलांचे तांडे दोन्ही बाजूंच्या फौजांना रसद पुरवत, म्हणून तो मोहरा कोणाच्याच बाजूचा नसावा हे इतिहासाला धरून होईल. पण दोघांनीही हलवायचा मोहरा डावात ठेवला की निम्मा वेळ तो परत जागेवर आणण्यातच जाईल, तेव्हा तांड्याला पटाबाहेर ठेवलेले बरे.

एक गढी आणि एक तिरंदाज, यापलीकडे नव्या पटाला काही लागत नाही. बाकी फौज देशी डावाचीच राहू द्यावी. ज्या घरांतून वडीलधाऱ्यांकडे देशी डावाचे नियम अजून तोंडपाठ असतील, राजाची अडीच घरांची चाल केव्हा घ्यायची, प्यादे कोणत्या घरी काय होते, एकटा उरलेला राजा हरला मानायचा की नाही, त्या घरांतील तरुणांनी ते गावाच्या नावासह वहीत उतरवून घ्यावेत, आणि नवा पट मांडण्याआधी त्या नियमांनी निदान काही डाव खेळून पाहावेत.